दोन अक्षरी नाव हवे आणि अर्थही खरा हवा: मुलांच्या छोट्या नावांविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा झाला आहे, स्वाती नक्षत्राचे पहिले चरण, म्हणजे नावरस अक्षर 'रू'. आडनाव शिंदे, आईच्या नावाची सुरुवात 'र'ने. नाव दोन, फार तर तीन अक्षरांचे हवे. वर्षभरात जर्मनीला जायचे घाटते आहे, तेव्हा तिथल्या लोकांनाही ते म्हणता यावे. आरव, रेयांश, यश आणि रुद्र अशी चार नावे तुम्ही बाजूला काढली आहेत. आणि शेवटी विचारले आहे की, प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्थ दिलेला असतो, त्यातला खरा कोणता मानायचा?

छोट्या नावांचा तुटवडा नाही. अडचण वेगळीच आहे. यशवंत, नीलकंठ, रघुनाथ अशा लांब नावांत दोन भाग जोडलेले असतात, त्यामुळे एक नीट कळला तरी अर्थाचा अंदाज येतो. दोन अक्षरी नावात एकच शब्द असतो. तो चुकीचा निघाला तर हाती काही उरत नाही. उच्चाराचेही तसेच. लांब नावातले एक अक्षर बोलताना गळाले तरी नाव ओळखू येते, पण 'यश'मधला 'श' पुढच्या शब्दाने गिळला तर राहतो फक्त 'य'. म्हणून छोटे नाव अर्थ, उच्चार आणि कागद या तिन्ही बाजूंनी तपासावे लागते.

काही गोष्टी घरावर अवलंबून असतात. नावरस अक्षर पाळायचे की नाही, आजोबांचे नाव पुढे चालवायचे की नाही, देवाचे नाव हवे की गुणाचे, याची उत्तरे बाहेरच्या माणसाने देऊ नयेत. मी फक्त शब्दांविषयी बोलतो.

आधी 'दोन अक्षरी' म्हणजे काय ते पाहू. लिहिताना 'यश', 'वेद', 'नील', 'जय' ही दोन अक्षरे दिसतात. पण मराठीत शेवटचा 'अ' उच्चारला जात नाही, म्हणून ही नावे तोंडात एकाच झटक्यात संपतात: यश्, वेद्, नील्. संस्कृतात हेच शब्द खरोखर दोन अक्षरांचे आहेत. उलट 'रवी', 'ऋषी', 'मनू', 'रघू' ही नावे मराठीतही दोन अक्षरे पूर्ण म्हणायला लावतात. 'रुद्र', 'पार्थ', 'अंश', 'दक्ष' यांच्या शेवटी जोडाक्षर किंवा अनुस्वारानंतरचे व्यंजन असल्याने उच्चार थोडा लांबतो, आणि 'रुद्र'मध्ये शेवटचा 'अ' अर्धामुर्धा ऐकूही येतो. लांबून हाक मारताना स्वरान्त, म्हणजे स्वराने संपणारे, नाव दूरवर पोचते. व्यंजनान्त नावाला घरचे लोक नकळत शेपूट लावतात: यशू, वेदू, पार्थू. तेव्हा हाक मारायचे नाव आणि कागदावरचे नाव एकच राहावे असे वाटत असेल, तर स्वरान्त नाव निवडा.

छोट्या नावांची आवड आजची नाही. गृह्यसूत्रांत, म्हणजे घरगुती संस्कारांच्या जुन्या ग्रंथांत, नामकरणाचे नियम दिले आहेत. पारस्कर गृह्यसूत्र सांगते की मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, सुरुवातीला घोषवर्ण, म्हणजे ग, ज, द, ब, भ, य, र, व, ह यांसारखा घुमणारा वर्ण असावा, मध्ये य, र, ल, व यांपैकी अंतस्थ असावा, आणि नाव कृदंत असावे, तद्धित नसावे. कृदंत म्हणजे थेट धातूपासून झालेला शब्द. तद्धित म्हणजे दुसऱ्या नामाला प्रत्यय लावून केलेला. आश्वलायन गृह्यसूत्रात फळेही दिली आहेत: प्रतिष्ठा हवी असेल तर दोन अक्षरी, ब्रह्मवर्चस, म्हणजे ज्ञानाचे तेज, हवे असेल तर चार अक्षरी. पतंजलींच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथात आणखी दोन अटी येतात. नाव तीन पिढ्यांतल्या पूर्वजांना धरून असावे आणि शत्रूच्या घरात प्रतिष्ठा पावलेले नसावे. 'देव', 'जय', 'भव' ही नावे सूत्रकारांच्या नियमात चपखल बसतात. 'पार्थ' बसत नाही, कारण तो पृथेचा, म्हणजे कुंतीचा मुलगा या अर्थाचा तद्धित शब्द आहे. म्हणून पार्थ नाव ठेवू नये असे अजिबात नाही. आईच्या नावावरून मुलाची ओळख सांगणारे हे मोजक्या नावांपैकी एक आहे आणि मला ते त्यासाठीच आवडते.

पूर्वजांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. संभाजी महाराजांच्या मुलाचे मूळ नाव आजोबांवरून शिवाजीच होते, आपण त्यांना शाहू म्हणून ओळखतो. शहाजी आणि शरीफजी ही दोन भावांची नावे नगरच्या शाह शरीफ पिरावरच्या श्रद्धेतून आली असे परंपरा सांगते. अर्थ कोशात शोधण्याआधी घरातल्या जुन्या नावांवर एकदा नजर टाका, असे मी प्रत्येकाला सांगतो. तुकाराम, नामदेव, चोखोबा यांची छोटी रूपे अभंगांतून आधीच आपल्या ओठांवर आहेत: तुका, नामा, चोखा. लांब नावाच्या पहिल्या दोन अक्षरांशी थांबायचे आणि शेवट स्वराने करायचा, ही छोट्या नावांची खास मराठी रीत. पणजोबांचे नाव कागदावर पूर्ण ठेवून हाकेला असे रूप वापरणे हाही चांगला मार्ग आहे.

आता अर्थ. माझी रीत अशी. आधी शब्द कोशात आहे का ते पाहायचे. संस्कृतसाठी वामन शिवराम आपटे यांचा कोश, मराठीसाठी मोल्सवर्थ. दोन्ही इंटरनेटवर मोफत शोधता येतात. मग शब्द कशापासून झाला ते पाहायचे: धातू कोणता, समास कोणता. तिसरी पायरी म्हणजे हे नाव पूर्वी कुणी धारण केले होते. या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर मिळत नसेल, तर यादीत छापलेला 'अर्थ' कुणीतरी रचलेला आहे असे समजावे.

या कसोटीवर तुमचे 'आरव' घ्या. याद्यांमध्ये अर्थ 'शांत' असा सापडतो. प्रत्यक्षात 'रव' म्हणजे आवाज, जसा पाखरांचा कलरव. 'आरव' म्हणजे मोठा आवाज, ओरडा, गलका. शांत या अर्थाचा शब्द 'नीरव' आहे, आवाज नसलेला, आणि 'नीरव शांतता' आपण रोज म्हणतो. आरव ठेवायला काही हरकत नाही. तान्ह्या बाळाला तो अर्थ शोभतोही. पण अर्थ माहीत असून ठेवा.

'रेयांश'चा अर्थ 'सूर्यकिरणाचा अंश' असा देतात. सूर्यकिरण या अर्थाचा 'रेय' हा शब्द संस्कृतात नाही. इंग्रजी 'रे'ला संस्कृत 'अंश' जोडलेला दिसतो. याच्या जवळचे खरे जुने नाव म्हणजे 'श्रेयांस'. अकरावे जैन तीर्थंकर श्रेयांसनाथ. शेवटी 'स' आहे, 'श' नाही, आणि त्यात 'अंश' शोधू नये. 'देवांश', 'शिवांश', 'दिव्यांश' हे मात्र रीतसर समास आहेत: अ आणि अ मिळून आ. नुसते 'अंश' हवे असेल तर तेही चालते. मात्र मराठीत अपूर्णांकातला वरचा आकडा आणि तापमानाचे मापही अंशच आहे, हे शाळेत जाणाऱ्या मुलाला ऐकावे लागेल.

असेच आणखी काही. 'विहान' म्हणजे पहाट. 'बिहान' हा शब्द उत्तरेकडच्या बोलींत रोजचा आहे, मराठीत नाही. 'कियान' फारसी आहे, इराणच्या प्राचीन कयानी राजांशी जोडलेले. त्याच उच्चाराच्या जवळ जाणारे आयरिश नाव वेगळे आणि त्याचा अर्थ प्राचीन. 'रायन' आयरिश, 'रय्यान' अरबी. इस्लामी परंपरेत रोजे ठेवणाऱ्यांसाठीच्या स्वर्गद्वाराचे ते नाव आहे. 'रेहान' हे अरबीतले सुगंधी वनस्पतीचे नाव, आपल्या सब्जाच्या कुळातले. 'नूर' म्हणजे प्रकाश, 'कबीर' म्हणजे महान, दोन्ही अरबी. 'इवान' हे योहानचे स्लाव्ह रूप, मूळ हिब्रू, अर्थ ईश्वर कृपाळू आहे. ही सगळी चांगली नावे आहेत. ओढूनताणून त्यांना संस्कृत ठरवण्याची गरज नाही. सूर्याचे एक नाव 'विवस्वान' आहे, त्यातली अक्षरे गाळून केलेल्या 'विवान'ला मात्र सूर्य हा अर्थ आपोआप मिळत नाही.

भक्कम आधार असलेली छोटी नावे हवी असतील, तर विष्णुसहस्रनाम ही खाण आहे. त्यात वेद, कवी, वसू, सत्य, शिव, रुद्र, शर्व, सिद्ध, मनू, अज, भीम, नर, अतुल, अनघ अशी दोन-तीन अक्षरी नावे येतात. एकच नाव शिवाचे आणि विष्णूचेही असल्याचे तिथे दिसते. वेद 'विद्', म्हणजे जाणणे या धातूपासून. अनघ म्हणजे निष्पाप. भीम 'भी' धातूपासून, ज्याची भीती वाटावी असा; महाराष्ट्रात या नावाला बाबासाहेबांमुळे अर्थाच्या पलीकडची माया आहे. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर घरोघरी रुजलेली राहुल, मिलिंद, आनंद, गौतम ही नावेही अशीच इतिहास घेऊन येतात. राहुल बुद्धांचा मुलगा. मिलिंद म्हणजे बौद्ध भिक्षू नागसेनांना प्रश्न विचारणारा ग्रीक राजा मिनँडर, आणि संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा.

ययातीच्या पाच मुलांपैकी यदू, अनू आणि पुरू. पुरू म्हणजे विपुल. बापाला स्वतःचे तारुण्य देणारा तोच. 'रघू' म्हणजे वेगवान. 'ध्रुव' म्हणजे अढळ. उत्तानपाद आणि सुनीतीचा मुलगा, शिवाय आठ वसूंपैकी एक. 'दक्ष' म्हणजे कुशल, सावध, पण सतीच्या कथेतला यज्ञ करणारा बापही दक्षच, हे काही घरांत खटकते. 'कुश' म्हणजे दर्भ. 'भर्ग' म्हणजे तेज. गायत्री मंत्रात रोज म्हटले जाते तरी नाव म्हणून क्वचित ठेवलेले. 'मित्र' हा वैदिक देव. 'नील' हा रामायणात अग्नीचा पुत्र असलेला वानरवीर, आणि याच उच्चाराचे आयरिश नाव असल्याने परदेशात कुठेच अडत नाही. 'यश' संस्कृतात कीर्ती, मराठीत सफलता; दोन्ही चांगलेच.

काही शब्दांना दोन अर्थ असतात आणि दुसरा अर्थ नंतर कळला की मन खट्टू होते. 'अज' म्हणजे न जन्मलेला, दशरथाचा पिता, आणि बोकडही. 'कच' बृहस्पतीचा मुलगा, आणि कच म्हणजे केस. 'अर्क' म्हणजे सूर्य, पण रुईचे झाडही, आणि मराठीत व्रात्य पोराला 'अर्क आहे' म्हणतात. 'नल' दमयंतीचा पती, मराठीत मात्र पाण्याचा नळ. 'बभ्रू' म्हणजे पिंगट, आणि मुंगूसही. यातले काहीही वर्ज्य नाही. फक्त आधी माहीत असावे.

लेखनात एका मात्रेने अर्थ पालटतो. शिव म्हणजे मंगल, शीव म्हणजे वेस. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. सुर म्हणजे देव, सूर गाण्यातला. अनिल म्हणजे वारा, अनल म्हणजे अग्नी. प्रमाण मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात, म्हणून संस्कृतात 'ऋषि', 'रवि', 'मनु' असले तरी मराठीत ऋषी, रवी, मनू. घरात दोन मते असतील तर जन्माच्या दाखल्यावर एक रूप नक्की करा आणि पुढे तेच चालवा.

उच्चाराची तपासणी घरातच होते. नाव आडनावासह दहा वेळा भरभर म्हणा. नावाचा शेवट आणि पुढच्या शब्दाची सुरुवात एकाच वर्णाने होत असेल तर ते चिकटतात. 'यश शिंदे' भरभर म्हटले की 'यशिंदे' होते. 'वेद देशपांडे', 'नील लेले', 'ओम मोरे' यांचेही तसेच. हे फक्त आडनावाशी होत नाही. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर क्रम असा असतो: मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. म्हणजे पूर्ण नावात मुलाच्या नावाला लागून आईचे नाव येते. तुमच्याकडे ते 'र'ने सुरू होते, म्हणून 'रुद्र'नंतर लगेच आणखी एक 'र' येणार. शाळेच्या हजेरीत हे दर वेळी ऐकू येईल.

मग विभक्ती लावून बघा: रुद्रला, रुद्रचा, ऋषीला, ऋषीचा, पार्थने. जुन्या पिढीच्या तोंडी 'रामाला', 'रुद्राला' असे सामान्यरूप येईल, नव्या पिढीच्या तोंडी 'रुद्रला'. दोन्ही सहज वाटायला हवीत. नंतर 'या' लावून बघा. वर्गातली मुले ते लावणारच: ओम्या, यश्या, वेद्या, नील्या, ध्रुव्या. त्यातून एखादा वेडावाकडा शब्द तयार होत नाही ना, एवढे पाहायचे. 'पार्थ', 'रुद्र' अशा जोडाक्षरांत हे रूप अडखळते, तिथे मुले दुसरेच टोपणनाव काढतात.

रोमन लिपीत तर छोट्या नावाची आणखी परीक्षा होते. 'हर्ष' जसे बोलतो तसे रोमन अक्षरांत लिहिले की इंग्रजीत 'कठोर' असा शब्द होतो. शेवटी 'ए' जोडला तर 'हर्षा' वाचतात. 'ऋत'मध्ये ऋ कसा लिहायचा हा प्रश्न येतो, कारण मराठीत तो 'रु' आणि उत्तरेत 'रि' उच्चारतात. आर-यू-टी लिहिले तर इंग्रजीत चाकोरी किंवा जनावरांचा माज असा अर्थ, शेवटी 'ए' लावला तर मुलीचे 'ऋता' वाटते. 'लव' रोमनमध्ये नेहमी प्रेम या अर्थाकडे झुकते.

जर्मनीसाठी चार नियम पुरेसे आहेत. तिथे 'जे' या अक्षराचा उच्चार 'य' होतो, म्हणून जय, तेज ही नावे बदलतात: तेजचे 'तेय' होईल. 'व्ही'चा उच्चार पुष्कळदा 'फ' होतो, त्यामुळे वेद आणि ध्रुव अडचणीत येतात. शेवटचा घोष वर्ण अघोष होतो, म्हणजे शेवटच्या 'द'चा 'त' ऐकू येतो. आणि रोमनमध्ये शेवटी 'ए' असलेले नाव बहुतेकदा मुलीचे समजतात, त्यामुळे 'रुद्र' लिहिले की 'रुद्रा' वाचून मुलगी का असे विचारतील. 'र' तिथे घशातून येतो, त्याला इलाज नाही आणि त्याने नाव बिघडतही नाही.

आता नावरस. सत्तावीस नक्षत्रांची प्रत्येकी चार चरणे, अशी 108 अक्षरे. स्वातीची चार: रू, रे, रो, ता. चंद्राला एक चरण ओलांडायला साधारण सहा तास लागतात, म्हणून जन्मवेळेत पाच-दहा मिनिटांचा फरक असला तरी अक्षर बदलत नाही. चरणाच्या काठावरचा जन्म असेल तरच पुन्हा गणित करून घ्यावे. अक्षराचा काटेकोरपणा कितपत ठेवायचा यालाही परंपरेतच वाव आहे. हस्ताच्या तिसऱ्या चरणाला 'ण' येतो, आणि 'ण'ने सुरू होणारे नाव कुठून आणणार? तिथे त्याच नक्षत्राचे दुसरे अक्षर घेतात. तसेच तुम्ही 'रो' किंवा 'ता' घेऊ शकता. शिवाय पत्रिकेतले नाव आणि व्यवहारातले नाव वेगळे ठेवण्याची पद्धत आहेच. बारशाला आत्या कानात दोन्ही सांगते. नावरस नाव जन्मदाखल्यावर लिहिण्याची गरज नसते. मराठीत ऋ हा 'रु'सारखा उच्चारतो, म्हणून ऋने सुरू होणारी नावेही बहुतेक घरांत 'रू'साठी धरतात. त्यामुळे तुमच्यासमोर रुद्र, ऋषी, ऋत, ऋभू, ऋजू, रूप, रुक्म, रुचिर ही पहिल्या चरणाची आणि रोहित, रोहन ही तिसऱ्या चरणाची नावे येतात.

रुद्रविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण 'रुद् म्हणजे रडणे, मग मुलगा रडका होणार का' अशी शंका बरेच जण काढतात. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात याची कथाच आहे. एक कुमार जन्मतो आणि रडू लागतो. प्रजापती विचारतो, का रडतोस? तो म्हणतो, मला नाव नाही, नाव दे. प्रजापती त्याला रुद्र हे नाव देतो. कुमार आणखी मागतो, आणि मग सर्व, पशुपती, उग्र, अशनी, भव, महादेव, ईशान अशी एकूण आठ नावे त्याला मिळतात. इतर ग्रंथांत 'सर्व'च्या जागी 'शर्व' येतो. म्हणून जन्मलेल्या मुलाचे नाव ठेवावे, त्याने त्याचे पाप दूर होते, असे तिथेच सांगितले आहे. नामकरणाच्या संस्काराशी इतके घट्ट बांधलेले दुसरे छोटे नाव मला माहीत नाही. तेव्हा अर्थाच्या बाजूने रुद्र उत्तम. अडते ते आईच्या नावाच्या 'र'शी आणि जर्मनीतल्या शेवटच्या 'ए'शी.

'ऋषी'चा अर्थ यास्कांच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या ग्रंथात, 'दर्शनामुळे ऋषी' असा दिला आहे, पाहणारा तो. हे नाव जगभर कानावर पडलेले आहे, कारण ब्रिटनचे पंतप्रधान 2022 ते 2024 या काळात याच नावाचे होते. पण तुमच्या आडनावाशी 'षी' आणि 'शिं' लागोपाठ येतात. नाव गिळले जात नाही, तरी अडखळायला होते. म्हणून हे मी मागे ठेवेन.

माझी पहिली पसंती 'ऋभू'. ऋग्वेदात ऋभू हे सुधन्वाचे तीन पुत्र, हाताचे कसबी. त्यांनी देवांचा कारागीर त्वष्टा याच्या एका चषकाचे चार केले, म्हाताऱ्या आईबापांना पुन्हा तरुण केले आणि आपल्या कारागिरीच्या बळावर अमरत्व मिळवले. कुशल हाच या शब्दाचा अर्थ. नाव दोन अक्षरी, स्वरान्त; 'ऋभू शिंदे' म्हणताना काही चिकटत नाही आणि आईच्या नावाच्या 'र'शीही भांडत नाही. जर्मन माणूस 'रिबू' म्हणेल, ते चालण्याजोगे आहे. उणीव एकच: नाव फारसे ऐकलेले नाही, त्यामुळे पहिली काही वर्षे तुम्हाला ते समजावून सांगावे लागेल, आणि मराठी न जाणणाऱ्या लेखनिकाला ऋ सांगताना जपावे लागेल. रोमनमध्ये आर-आय की आर-यू हे आताच ठरवा. जर्मनीचा विचार करता आर-आय बरे, कारण ऋषी तसेच लिहिलेले लोकांनी पाहिलेले आहे.

एवढे नवे नाव घरात पटत नसेल तर 'रोहित' घ्या. तीन अक्षरे, पण उच्चार दोनच: रो-हित्. अर्थ तांबडा, ऐतरेय ब्राह्मणातल्या हरिश्चंद्राच्या मुलाचे नाव. भारतात कुणीही न विचारता बरोबर लिहितो, जर्मनीतही अक्षरागणिक बरोबर वाचतात. फक्त वर्गात आणखी एखादा रोहित असण्याची शक्यता धरा. यश आणि आरव तुमच्या नावरस अक्षरात बसत नाहीत; अक्षर सोडायचे ठरले तरी शिंदे आडनावासोबत 'यश' नकोच, 'आरव' चालेल. रेयांश मी यादीतून काढेन.

राहिला कागद. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत होते आणि रुग्णालय ती माहिती पाठवते. त्या फॉर्मवर नाव लिहिलेच पाहिजे असे नाही. घाईत सुचलेले नाव लिहून देऊ नका, रकाना रिकामा ठेवा. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 च्या कलम 14 नुसार नाव नंतर घालता येते: पहिल्या 12 महिन्यांत शुल्काशिवाय, त्यानंतर नोंदणीपासून 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण एकदा नाव नोंदले की ते बदलणे किचकट आहे. राजपत्रातून नावबदल करावा लागतो. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा आहे, म्हणून त्यावरचे रूप हेच कायमचे रूप समजा. तुम्हाला वर्षभरात जायचे असल्याने पासपोर्टसाठी नाव असलेला दाखला लागेल. तेव्हा बारसे झाले की त्याच आठवड्यात अर्ज करा.

अर्ज भरताना नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये स्वतःच्या हाताने, सुटी अक्षरे काढून लिहा. 'ऋ' असेल तर लेखनिकाला 'ऋषीतला ऋ' असे सांगा, नाहीतर संगणकावर 'रु' पडतो. ओम ठेवत असाल तर ॐ हे चिन्ह न लिहिता 'ओम' अशी अक्षरे लिहा. दाखला छापण्याआधी पडद्यावरचा मसुदा दाखवायला सांगा, आणि हाती आल्यावर खिडकी सोडण्यापूर्वी दोन्ही लिप्यांतले मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर वाचून घ्या. आईचे नाव तिच्या आधारकार्डावर आहे तसेच आले आहे ना, हेही त्याच वेळी पाहा.